धुनेतला कंप कुणाचा?

अन्याय झाला तो आमच्या चाचांवर. माझ्या माहितीत या शहरात हवाईयन गिटार शिकवणारा हा शेवटचा माणूस. कधी झाला? गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या पहाटे, उजाडायच्या बेताला. कुठं? पुंडलिकनगरातल्या मैदानावर, भरल्या मंडपात. आणि टाळ्यांच्या कडकडाटात झाला, म्हणून तिथल्या एकालाही तो अन्याय वाटला नाही.

मी त्याच दिवशी पत्रक काढणार होते. मथळासुद्धा सुचला होता. चाचांनी अडवलं. म्हणाले, "नक्को बेटा. छापलंस तर लोक माझा हात बघायला येतील." म्हणून गप्प बसले. गप्प बसायची मला सवय नाही, पण बसले. आता चाचाच म्हणतायत, लिही. लवकर लिही.

घाई कशाची, ते आत्ताच सांगून टाकते. चाचांच्या हातात एक धून आहे. ती आज आणखी कुणाच्या हातात उरलीय का, मला माहीत नाही. आणि चाचांचा हात चाललाय.

मी पत्रकं लिहिते. नळाला पाणी न येण्यावर, कॉलेजच्या फीवर, आमच्या चौकातल्या उघड्या गटारावर. पत्रकात घाबरून चालत नाही. "आम्ही इशारा देत आहोत" असं लिहायचं असतं, भले लिहिताना आपण घाबरलेले असू. पण हे मी पत्रक म्हणून लिहीत नाही. यात मी पहिल्यापासून शेवटपर्यंत घाबरलेलीच आहे, आणि आजही आहे.

चाचा खुलताबादचे. शनिवार-रविवार एसटीनं शहरात यायचे. आमच्या गल्लीत पिठाची गिरणी आहे, तिच्या वरच्या खोलीत क्लास. खाली दळण सुरू असलं की वरची फरशी थरथरायची, चहाचा ग्लास बशीत वाजायचा, भिंतीला टेकवलेल्या गिटारीच्या तारा आपोआप गुणगुणायच्या. क्लास सुटल्यावर केस झटकले तर ज्वारीचं पीठ. मी तिथं गेले ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. मोर्चात गाणी म्हणताना सोबत काहीतरी वाजवता यावं एवढाच उद्देश होता. साधी गिटार शिकायची होती. जिना चढून गेले तर हे वेगळंच प्रकरण.

ही गिटार छातीशी धरत नाहीत. मांडीवर आडवी ठेवतात, तोंड आभाळाकडं. डाव्या हातात अंगठ्याएवढी स्टीलची कांडी असते, तिला आम्ही बार म्हणतो. बोटांनी तार दाबायचीच नाही, बार तारेवरून घसरवत न्यायचा. त्यामुळं सूर तुटत नाही, माणसाच्या गळ्यासारखा एका जागेवरून दुसऱ्या जागी वाहत जातो. यासाठी तारा लाकडापासून चांगल्या उचललेल्या लागतात. मानेच्या टोकाशी एक लोखंडी तुकडा बसवलेला असतो, तो त्यांना उचलून धरतो. ज्याला माहीत नाही त्याला वाटावं, गिटार बिघडलीय.

चाचा जवानीत ऑर्केस्ट्रात होते. लग्नं, गणपती, गॅदरिंग, कुठंकुठं वाजवलं. एके काळी या शहरातल्या बऱ्याच घरांत ही गिटार होती. शिक्षक, बँकवाले, ऑर्केस्ट्रातली पोरं, सगळे चाचांकडं शिकून गेले. मग कीबोर्ड आला आणि एकेक जण गळाला. मी गेले तेव्हा क्लासला मी, एक रिटायर्ड ओव्हरसियर आणि त्यांचा खोकला. ओव्हरसियर पुढं मुलीकडं नाशिकला गेले. उरले मी.

चाचांचा एक नियम होता. नवीन माणसाला पहिलं सिनेमाचं गाणं शिकवायचे नाहीत. पहिली ती धून.

"चाचा, पिक्चरचं गाणं कधी?" मी दर आठवड्याला विचारायची.

"आधी बाज्याच्या माहेरी जाऊन ये. सासर हायच जन्मभर."

माहेर म्हणजे हवाई बेटं. चाचा बेटांवर कधी गेले नाहीत. त्यांचे उस्तादही गेले नव्हते. पण बेटांवरचं एक वाजवणारं कुटुंब फिरत फिरत कलकत्त्याला येऊन राहिलं होतं, त्यांच्याकडं उस्ताद शिकले. चाचा मुंबईला कामाला गेले होते तेव्हा उस्तादांकडं शिकले. एवढीच साखळी. त्या साखळीतून ही एक धून खाली आली. तिचं खरं नाव उस्तादांनी सांगितलं नाही, की सांगितलं आणि चाचा विसरले, देव जाणे. आम्ही तिला माहेरची धूनच म्हणतो. क्लास सुटताना, बार फडक्यात गुंडाळायच्या आधी ती वाजवायची. आपला बाजा ज्यांनी दिला त्यांना सलाम केल्याशिवाय घरी जायचं नाही, ही उस्तादांची शिस्त.

चाचा सांगायचे की त्या बेटांवर बाहेरून ऊसवाले आले, जमिनी घेतल्या, मग राणीलाच गादीवरून उतरवलं. पोरांच्या शाळेतून त्यांची भाषा बंद केली. नाच म्हणजे रानटीपणा ठरवला. तेव्हा ती भाषा कुणी ठेवली? गाणाऱ्यांनी. वाजवणाऱ्यांनी. हॉटेलात पाहुण्यांपुढं हसत हसत वाजवायचे, आणि घरी ओसरीवर बसून जुनी गाणी पोरांना द्यायचे. तारा कशा लावायच्या ते काही घराण्यांत बाहेरच्याला सांगत नसत.

मी उसळायची. "मग मोर्चे नाही काढले?"

"काढले असतील की. पण मोर्चातून घरी आल्यावर लेकराला काय गाऊन निजवायचं, ते पण कुणीतरी सांभाळून ठेवायला लागतं ना, पत्रकवाली?"

पत्रकवाली हे त्यांनी मला ठेवलेलं नाव.

आता भीतीचं सांगते.

एका दुपारी गल्लीतली लाइट गेली. खालची गिरणी धापा टाकत बंद पडली. एकदम सगळं शांत. तारा गुणगुणायच्या थांबल्या. चाचांनी चहाचा ग्लास उचलला, आणि ग्लास बशीवर वाजला. टिकटिक टिकटिक. मी खाली फरशीकडं पाहिलं. फरशी गप्प होती. परत ग्लासाकडं पाहिलं.

चाचांनी ग्लास उजव्या हातात घेतला. डावा हात मांडीखाली दाबून धरला. मी पाहिलंय हे त्यांनी पाहिलं.

"गिरणीमुळं," ते म्हणाले.

"गिरणी बंद आहे, चाचा."

त्यांनी खिडकीतून खाली गल्लीत पाहिलं. मग म्हणाले, "घरी बोलायचं नाय. चाची उगाच रडंल. दवाखान्यात दाखवलंय. कंपवात म्हणतात. गोळ्या चालूयत."

"कधीपासून?"

"तू यायच्या आधीपासून."

त्या दिवशी मी जिना उतरले आणि खालच्या पायरीवरच बसले. इतके महिने मी या माणसासमोर बसत होते आणि मला काही दिसलं नव्हतं. दिसणार कसं? या वाद्यात हात हलतोच. बार तारेवर बारीक झुलवला की सुराला लहर येते, त्याशिवाय ते गोड लागत नाही. चाचांचा आजार त्या झुलण्याच्या आड बसला होता, आणि ऐकणारे म्हणत होते, वा.

त्यानंतर प्रत्येक क्लासला मी त्यांच्या मनगटाकडं बघत बसायची. ते एखादा लांब सूर घ्यायचे आणि मी श्वास धरायची. बार निसटेल का? पडेल का? पडला तर मी पटकन उचलायचा की दिसलंच नाही असं करायचं? घरी जेवताना माझं लक्ष आपल्याच हाताकडं जायचं. आई म्हणायची, "भाकरीकडं बघ, ती पळून चालली नाय."

आणि अशात आमच्या भागातल्या मंडळाचे अध्यक्ष क्लासवर आले. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. अंगावर कडक इस्त्री, मागं दोन माणसं. दिवाळी पहाट करायची होती आणि त्यात काहीतरी वेगळं पाहिजे होतं.

"चाचा, तुमचा सत्कार करायचाय. दुर्मिळ वाद्य जपलं तुम्ही. असा माणूस आपल्या भागात येतो आणि आपल्यालाच पत्ता नाय!"

मी म्हटलं, "सत्कार नंतर. आधी वाजवू देणार का?"

"ताई, तुम्ही हितं पण? अहो वाजवणारच की! एक गाणं. जुनं, गोड, लोकांच्या ओळखीचं."

चाचा म्हणाले, "माहेरची धून वाजवीन. आणि दोन गोष्टी बोलीन. ज्यांनी हा बाजा जपला, त्यांच्याबद्दल. सत्कार त्यांचा व्हायला पाहिजे, मी नुसता पोस्टमन."

भाऊंना धून ऐकायची होती. चाचांनी वाजवली. धुनेच्या मधोमध एक लांब सूर आहे, तो आला आणि बार कधी नव्हे एवढा झुलला. मला वाटलं, संपलं, आता यांना कळलं.

भाऊंनी डोळे मिटले. "काय कंप आहे, चाचा! काळजाला हात घातला!"

चाचा हसले. मला हसू आलं नाही. भाऊ गेल्यावर मी चाचांना विचारलं, कशाला हो म्हणालात? जमेल का?

"आज जमतंय," चाचा म्हणाले. "पुढच्या दिवाळीचं कोण सांगावं? एकदा, चार लोकांपुढं, त्यांचं नाव काढून वाजवायची. मग हात गेला तर गेला."

दिवाळी जवळ येत गेली तशी मला झोप लागेना. त्यांना एकेक दिवस हात साथ द्यायचा, एकेक दिवस नाही. ज्या दिवशी नाही त्या दिवशी ते मला वाजवायला लावायचे आणि स्वतः खिडकीतून खाली बघत उभे राहायचे, पाठ माझ्याकडं. मला वाटायचं ऐकतायत. आता कळतंय, ऐकत नव्हते. हात मुठीत धरून उभे होते.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मंडळाचा निरोप आला. सगळ्या कलाकारांची वाद्यं ऑफिसात आणून ठेवा, लक्ष्मीपुढं पूजा करू, पहाटे थेट स्टेजवर येतील. मला पटत नव्हतं. चाचा उलट खूश. "देवीपुढं ठेवतायत. इज्जत देतायत. तू हरेक गोष्टीत खोट काढते." गिटार गेली. पहाटेची एसटी नाही म्हणून चाचा त्या रात्री आमच्याकडं मुक्कामाला राहिले.

पहाटे आई उठली तर चाचा मोरीपाशी उभे. आईनं विचारलं, "चाचा, उटणं लावता का? आज आमच्यात लावतात."

"उटणं नक्को भाभी. एक बादली गरम पाणी द्या, बस्स."

आईनं पाणी दिलं. त्यांनी अंघोळ नाही केली. डावा हात कोपरापर्यंत बादलीत बुडवून स्टुलावर बसून राहिले. मी दारातून पाहत होते. पाण्यावर लाटा येत होत्या. बारीक, एकामागून एक, थांबतच नव्हत्या. मग हळूहळू कमी झाल्या. चाचांनी मान वर केली आणि मला म्हणाले, "चल. आत्ता चांगलाय. लवकर चल."

मैदानावर आकाशकंदील, रांगोळी, नवे कपडे, अत्तराचा वास. लोक फराळाच्या डिशा मांडीवर घेऊन बसले होते. चाचांचा नंबर तिसरा होता. तो पाचवा झाला. मग एका पाहुण्यांचं भाषण मध्ये शिरलं. दरवेळी मी त्यांच्या हाताकडं बघायची. शेजारी बसून तो हात माझ्या ओढणीत गुंडाळून धरला होता, ऊब राहावी म्हणून. लोकांना वाटलं असेल, काय लाडकी शिष्या.

शेवटी नाव पुकारलं. चाचा वर गेले. खुर्चीसमोर टेबलावर गिटार, चकाचक पुसलेली, हळद-कुंकू लावलेली, झेंडूचा हार घातलेली. चाचांनी हार काढून कपाळाला लावला, बाजूला ठेवला. गिटार मांडीवर घेतली. बार उचलला. तारेवर ठेवला.

टक्.

माइकमधून मंडपभर आवाज गेला. लोखंडावर लोखंड आपटल्याचा. चाचांनी बार उचलून परत ठेवला. टक्. कर्रर्र. पुढच्या रांगेतला कुणीतरी हसला. चाचांनी वाकून तारा बघितल्या. तारा लाकडाला चिकटल्यासारख्या खाली आल्या होत्या. एक छेडून बघितली. सूर भलताच.

त्यांनी मान वर करून मला शोधलं. ती नजर मी जन्मात विसरणार नाही. त्यांना वाटलं, त्यांच्या हातामुळं झालं. एवढ्या लोकांत हात गेला.

मी स्टेजच्या कडेला धावले. तिथं एक कॉलेजचा मुलगा उभा होता, गळ्यात साधी गिटार, मंडळाच्या बँडमधला. खुशीत होता बिचारा.

"ताई, सांगू का? चाचांच्या गिटारीच्या तारा लई वर आल्या होत्या. मान वाकली असंल, जुनी झाली ना. पूजेनंतर मी बसून दुरुस्त केली. ट्यून पण करून ठेवली. सरप्राइज!"

"वरच्या टोकाला लोखंडी तुकडा होता. कुठंय?"

"तो? तो कुणीतरी जुगाड म्हणून घातला होता. काढला मी. रूमवर आहे."

"पळ. घेऊन ये."

"आत्ता? पुढचं गाणं माझंय..." मग माझं तोंड बघून त्याला काहीतरी कळलं. "ताई, बिघडली का हो?"

मी उत्तर द्यायला थांबले नाही. भाऊंकडं गेले. "पाच मिनिटं द्या. मी तारा लावून देते, तुकडा येतोय."

"ताई, हे तुमचं उपोषण नाय," भाऊ हसत, माइकला हात लावून म्हणाले. "पाहुण्यांची गाडी लागलीय. सत्कार उरकून घेऊ. वाजवायचं काय, पुढच्या वर्षी वाजवतील."

निवेदिकेनं सांगितलं, वेळेअभावी आपण थेट सत्काराकडं वळतोय. शाल आली. नारळ आला. चाचा उभे राहिले, गिटार एका हातात, आणि माइककडं वळले. "मुझे दो बातां..." एवढंच मला ऐकू आलं. भाऊंनी त्यांच्या खांद्याला हात घालून त्यांना फोटोकडं वळवलं. "चाचा, तुम्ही बोलायची गरजच नाय. तुमचं काम बोलतं!"

टाळ्या. फोटो निघाला. त्या फोटोत चाचांनी शाल पुढं ओढून डावा हात झाकलाय. लोकांना वाटतं, थंडी.

आमच्या संस्कृतीच्या ठेकेदारांनो, मला एक सांगा. ज्याच्यासाठी माणसाला वर बोलावलं ते सोडून बाकी सगळं त्याला द्यायचं, ही कुठली रीत? शाल दिली, नारळ दिला, हार घातला, देवीपुढं ठेवलं. सगळं दिलं. फक्त विचारलं नाही. एका वाक्यानं विचारलं असतं, चाचा, या तारा अशाच असतात का? तर त्या पहाटे इथल्या माणसांना कळलं असतं, की समुद्रापलीकडच्या काही लोकांनी आपलं सगळं हिरावलं जात असताना गाणं धरून ठेवलं, आणि ते फिरत फिरत मराठवाड्यात आलं. त्या लोकांचं नाव निघालंच नाही.

चाचा त्यानंतर क्लासला आले नाहीत. फोन केला की चाची उचलायच्या. "झोपले." "नमाजला गेलेत." एकदा नुसतंच, "बेटा, हात बघवत नाही गं." म्हणजे चाचींना कळलं होतं.

मी खुलताबादला गेले. गावकुसाच्या आत त्यांचं घर, दोन खोल्या. चाचा पलंगावर बसलेले, उन्हात. माझ्याआधी तो बँडवाला मुलगा येऊन बसला होता. समोर पलंगावर तो लोखंडी तुकडा, कागदात बांधलेला. पोराचे डोळे सुजले होते.

"याला सांग," चाचा मला म्हणाले, "रडू नक्को. त्याला वाटलं बिघडलीय, त्यानं नीट केली. मी पण तरणा असताना उस्तादांच्या गिटारीच्या तारा अशाच खाली घेतल्या होत्या. उस्तादांनी कानाखाली दिली होती. मी याला देऊ शकत नाय." त्यांनी डावा हात वर करून दाखवला. "हवेतच चुकंल."

पोरगं रडता रडता हसलं. मी नाही हसू शकले. तो हात आता लपवायच्या पलीकडं गेला होता.

त्यांनी मला तुकडा बसवायला लावला, तारा लावायला लावल्या. मग म्हणाले, "वाजव. माहेरची."

मी वाजवली. मनापासून वाजवली. इतके महिने समोर बसून पाहिलेली एकेक लहर, एकेक झुला, जसाच्या तसा काढला. मला वाटत होतं, चाचांचं मन भरून येईल. लांब सूर आला. मी बार झुलवला, अगदी त्यांच्यासारखा.

"ठैर."

मी थांबले.

"हा कंप कुठून आणला?"

"तुमच्याकडून, चाचा. तुम्ही असाच वाजवता."

चाची चुलीपाशी थांबल्या. मग चाचा एकदम हळू आवाजात म्हणाले, "तो धुनेचा नाय, बेटा. तो माझा आहे. आजाराचा."

मी बार तारेवरून उचलला. म्हणजे मी इतके महिने काय शिकले? कुठला झुला बेटांवरून आलेला, आणि कुठला या आजारी मनगटातून? मी विचारलं, मग सांगा ना, कुठं झुलवायचा आणि कुठं नाही? कुठंच नसतो असं तर नाही ना?

"नाय. काही ठिकाणी आहे. एके ठिकाणी तर पाहिजेच. त्याच्याबिगर ती धून मेली." त्यांनी बार हातात घेऊन दाखवायचा प्रयत्न केला. बार तारांवर खडखडला. गाऊन दाखवायला गेले, गळाही थरथरला. परत, परत. मग बार पलंगावर ठेवला.

"पूर्वी हात सांगायचा. मी डोक्यात ठेवलंच नाय कधी, सगळं हातात होतं. आता हातच खोटं बोलतो. त्याचं ऐकून ऐकून मला पण नक्की सांगता येईना."

मी घाबरून घाबरून विचारलं. रेकॉर्डिंग? ऑर्केस्ट्राच्या कॅसेटी आहेत, पण त्यात सिनेमाची गाणी. माहेरची धून कुणी मागितलीच नाही, म्हणून कुणी भरलीच नाही. माझ्या मोबाइलमध्ये आहे, पण ती या हाताची. इंटरनेटवर बेटांवरची गाणी ढीगभर आहेत, मी डोळे फुटेस्तोवर ऐकली. ही नाही. असेलही, नावच माहीत नाही तर शोधू कशी?

"खरी ऐकली तर ओळखाल?" मी विचारलं.

"कान शाबूत आहेत," चाचा म्हणाले. "खरी ऐकली तर झोपेत ओळखीन." मग थोड्या वेळानं, "माझा हात चांगला होता तेव्हा लई लोक शिकून गेले. त्यांच्या हातात असंल ती. त्यांना बोलव. लिही तुझं पत्रक. हात दिसला तर दिसू दे."

तेव्हापासून मी दर रविवारी खुलताबादला जाते. ते धून ऐकतात, मी लांब सुरापाशी थांबते, कारण पुढं काय खरं ते मला माहीत नाही. आणि आता मला नवीन भीती लागलीय. परवा एका साध्या सुरावर त्यांनी मान हलवली, हो म्हणून. लगेच म्हणाले, नाही. मग म्हणाले, परत वाजव. त्यांचा चेहरा गोंधळलेला होता. कान शाबूत आहेत हे मी अजून धरून चाललेय.

म्हणून हे थेट तुम्हाला. तुम्ही, जे त्यांच्याकडं शिकलात. ऑर्केस्ट्रात होतात, बँकेत होतात, शाळेत शिकवायचात, पाचोडला असाल नाहीतर पुण्यात मुलाकडं. तुम्ही सिनेमाच्या गाण्याची घाई केली असेल, पण त्याआधी ती धून तुम्ही शिकलात, कारण ती शिकल्याशिवाय चाचा पुढं जाऊच द्यायचे नाहीत. तुमच्या बोटांत ती आहे. विसरलो म्हणू नका, बसून बघा आधी. शाल आणू नका, हार आणू नका, फोटोवाला आणू नका. गिटार नसेल तर आमची आहे. या रविवारी खुलताबादला या, चाचांच्या समोर बसा, आणि तो लांब सूर वाजवून दाखवा.